चोरट्या तबकड्यांची पाठचिकित्सा

जुन्या ग्रामोफोन तबकड्या जमवणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे आमच्या घरी बरीच वर्षे समजले जात असे. त्यात मुळीच तथ्य नव्हते, असे मी म्हणणार नाही. तथापि या छंदाने मला एक धडा दिला, आणि तो एका चुकीतून दिला. ती चूक मी याच महाविद्यालयात, वाङ्मय मंडळाच्या सभेत, विद्यार्थ्यांच्या समोर केली होती. म्हणून त्या चुकीचे शुद्धिपत्रही याच अंकात यावे, हे उचित होय. प्रस्तुत लेखाचा विषय आहे लोकगीत-रॉक संगीताच्या मैफलींच्या चोरट्या ध्वनिमुद्रिका, म्हणजे ज्यांना इंग्रजीत ‘बूटलेग’ म्हणतात त्या तबकड्या. आणि त्या वाचाव्या कशा, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे. ‘वाचाव्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

बूटलेग म्हणजे काय?

बूट म्हणजे पायातला उंच जोडा. अमेरिकेत त्याच्या नळीत दारूची बाटली लपवून चोरून विकणारास ‘बूटलेगर’ म्हणत. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हा शब्द सर्वतोमुखी झाला आणि पुढे तो संगीताला चिकटला. येथे एक भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तबकडीची हुबेहूब नक्कल करून विकणे ही बनावटगिरी होय. बूटलेगमध्ये जे असते ते कंपनीने मुळात प्रसिद्धच केलेले नसते. एखादी मैफल, बाजूला ठेवलेले गाणे, तालमीची फीत असे काहीतरी असते. म्हणजे पहिली चोरी छापील पुस्तकाची, तर दुसरी लेखकाच्या टेबलावरील हस्तलिखिताची.

प्रत्यक्ष मैफल टिपण्याची हौस मात्र रॉक संगीताहून पुष्कळ जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा या संस्थेचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, रंगमंचावर गायन चालू असताना, मेणाच्या नळकांड्यांवर त्याचे तुकडे टिपले. ते खरखरतात, मध्येच तुटतात. परंतु त्या काळच्या कित्येक गायकांचा भरल्या नाट्यगृहातील आवाज ऐकण्यास आज तेवढेच साधन आहे.

लोकगीत-रॉक हा प्रकार १९६५ च्या सुमारास आकाराला आला. लोकगीताची चाल व आशय, आणि त्याला विजेच्या गिटारची व ढोलांची साथ, असे त्याचे स्थूल स्वरूप. त्या वर्षी ‘द बर्ड्स’ या संचाने बॉब डिलनचे एक गीत या पद्धतीने गाऊन लोकप्रिय केले. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकगीत महोत्सवात खुद्द डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांत एकच खळबळ उडाली. तोवर तो एकटा, साध्या गिटारवर आणि माउथ ऑर्गनवर गात असे, आणि लोकगीतांचे चाहते त्याला आपला माणूस मानत. विजेची गिटार म्हणजे बाजार, असे त्यांचे समीकरण होते. आपल्याकडे कीर्तनकाराने एकाएकी चित्रपटाचा वाद्यवृंद मागे उभा केला तर काय होईल, याची कल्पना करावी.

याच डिलनच्या गाण्यांनी चोरट्या तबकड्यांचा बाजार उभा केला. जुलै १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुकानांत दोन तबकड्यांचा एक संच दिसू लागला. पाकीट कोरे पांढरे. गायकाचे नाव नाही, कंपनीचे नाव नाही. त्याला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ हे नाव पडले. त्यात १९६१ सालच्या डिसेंबरात मिनियापोलिसमध्ये टिपलेली गाणी होती, १९६७ साली वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात साथीदारांसह मुद्रित केलेली काही होती, आणि दूरचित्रवाणीवरून उचललेलेही एक होते. अशी खिचडी असूनही ती विकली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत असल्या तबकड्यांचे पीक आले.

तबकडी बनते कशी?

संग्राहकाला ही कृती ठाऊक असणे अत्यावश्यक आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर तबकडीच्या अंगावर काही खूण राहते. प्रथम फीत लागते. ती तीन ठिकाणांहून येते. श्रोत्याने कोटात मायक्रोफोन लपवून टिपलेली. सभागृहातील ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून थेट घेतलेली. किंवा नभोवाणीच्या प्रक्षेपणावरून उतरवलेली. पहिलीत शेजाऱ्याचा खोकला गायकाहून मोठा ऐकू येतो, पण सभागृहाची हवा कळते. दुसरीत गळा स्वच्छ येतो. टाळ्या मात्र दूर, नदीपलीकडच्या वाटतात. तिसरी बहुधा समतोल असते, पण निवेदकाचा आवाज काढून टाकल्याने ठिकठिकाणी सांधे जाणवतात.

फितीवरून लाखेच्या मऊ तबकडीवर चर कोरतात. तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून साचा तयार करतात आणि त्या साच्याच्या दाबाखाली तापलेल्या व्हिनिलच्या गोळ्याची तबकडी होते. मिनिटास ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे गायन मावते. त्याहून अधिक कोंबले तर चर दाटीवाटीने कोरावे लागतात व आवाज क्षीण होतो. पूर्ण मैफल एका तबकडीत बसत नाही. म्हणून छापणारा गाळतो, क्रम बदलतो. शेवटचा चर आणि मधले लेबल यांच्यामधील गुळगुळीत पट्टीवर हाताने खरवडलेले आकडे असतात. पाकीट खोटे बोलेल, लेबल खोटे बोलेल; परंतु एकाच साच्यातून निघालेल्या दोन तबकड्यांवर हे आकडे सारखेच सापडतात. म्हणून दोन पाकिटांची जात एकच की भिन्न, याचा निर्णय बऱ्याच वेळा या पट्टीवर होतो.

या व्यवसायात चोरावर मोर फार. एकाने छापलेली तबकडी दुसरा आपल्या घरी वाजवी, त्यावरून फीत करी आणि नवे पाकीट घालून तीच पुन्हा छापी. अशा प्रतीत पहिल्या तबकडीची खरखर मूळ मुद्रणातच मुरलेली असते. सुई स्वच्छ असो वा नसो, विशिष्ट जागी तोच ‘टक्’ आवाज येतो. पोथीच्या नकलांत एका लेखनिकाचा प्रमाद जसा पुढच्या सर्व नकलांत उतरतो, तसाच हा प्रकार होय. प्रमाद समान दिसले की कुळ समान समजावे, हा पाठचिकित्सेचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

माझी चूक

माझे थोरले बंधू इंग्लंडात नोकरीस होते. १९७८ साली सुटीवर आले तेव्हा मला संगीताचे वेड म्हणून त्यांनी एक तबकडी आणली. “बाजारात एका गाड्यावर मिळाली. विकणारा इकडेतिकडे बघत होता, म्हणजे काहीतरी चांगली असणार,” असे दादा म्हणाले. वहिनींना तो खर्च मान्य नव्हता. पाकीट पांढरे, त्यावर चिकटवलेल्या कागदावर छापलेले: बॉब डिलन, रॉयल अल्बर्ट हॉल, लंडन, १९६६.

ती तबकडी मी किती वेळा ऐकली याची गणती नाही. डिलन आणि मागे पाच साथीदार. गाणी आठ. दोन गाण्यांच्या मध्ये श्रोते नापसंतीच्या संथ, तालबद्ध टाळ्या वाजवतात. एकदा तर गायक मायक्रोफोनशी काहीतरी अर्थहीन पुटपुटत राहतो. ते काय आहे हे ऐकण्यासाठी सभागृह हळूहळू शांत होते. शेवटच्या गाण्याआधी अंधारातून एक श्रोता ओरडतो, “ज्यूडस!” ख्रिस्ताला तीस रुप्याच्या नाण्यांसाठी धरून देणारा तो शिष्य. लोकगीताचा विश्वासघात केलास, असा त्या एका शब्दाचा आरोप. गायक उत्तरतो की, माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस; आणि साथीदार शेवटचे गाणे गर्जत सुरू करतात. परंपरा व नवता यांचा झगडा इतक्या थोड्या क्षणांत पकडलेला मी अन्यत्र ऐकलेला नाही.

१९८४ साली वाङ्मय मंडळात ‘परंपरा आणि बंडखोरी’ या विषयावर मी बोललो. रेकॉर्ड प्लेअर घरून रिक्षातून नेला होता. आधी लंडनच्या त्या भव्य वर्तुळाकार सभागृहाचे वर्णन केले, साम्राज्याच्या राजधानीतील प्रतिष्ठित श्रोतृवर्गावर दोन वाक्ये टाकली, आणि मग ती आरोळी ऐकवली. सभा रंगली. विद्यार्थ्यांनी टिपणे घेतली.

सभेनंतर आमच्या कन्नड विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापक भेटले. जुन्या शिलालेखांचा त्यांचा अभ्यास होता. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, हे लंडनचेच, हे कशावरून?”

मी म्हणालो, “पाकिटावर छापले आहे ना!”

“अहो, ताम्रपटावरही कोरलेले असते. आपल्या या भागातील ताम्रपट वाचणाऱ्या फ्लीटसाहेबांना बनावट ताम्रपटांवर स्वतंत्र लिहावे लागले. चोराने लिहिलेल्या पत्त्यावर तुम्ही घर शोधायला निघालात!”

मला राग आला. मैफल रंगलेली असताना कोणी तंबोऱ्याच्या खुंट्या तपासाव्यात, तसे ते वाटले. तो विषय मी तेथेच सोडला.

१९९९ साली परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याचे टपाल आले. आदल्या वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, कंपनीनेच ती मैफल अधिकृतपणे प्रसिद्ध केली होती. त्याने त्याची सीडी पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती: “सर, तुम्ही ऐकवलेली हीच. फक्त ती लंडनची नाही. मी हे पंधरा वर्षे लोकांना लंडन म्हणून सांगत होतो.” ती मैफल १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली होती. माझे वर्तुळाकार सभागृह, माझी राजधानी, माझा प्रतिष्ठित श्रोतृवर्ग, सर्व चुकीच्या गावचे! मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. ज्या जागी १८१९ साली मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडेस्वार घातले गेले, त्या जागेवर ते सभागृह उभे राहिलेले. त्या आरोळीचा अर्थ लावताना हे शहर विचारात घ्यावयास हवे होते. चुकीच्या स्थळाने माझे विवेचनच चुकवले होते.

पुरावा कसा तपासावा?

गावाचे नाव तबकडीवरूनच कळले असते काय? पूर्णपणे नाही, परंतु संशय घेण्यास जागा भरपूर होती. त्या मे महिन्यात डिलन ब्रिस्टल, कार्डिफ, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, लेस्टर, शेफील्ड, मँचेस्टर अशी शहरे घेत महिनाअखेरीस, २६ व २७ तारखांना, लंडनला पोहोचला. गाण्यांचा क्रम जवळजवळ सर्वत्र तोच, तेव्हा क्रमावरून काहीच ठरत नाही. ठरते ते गाण्यांच्या मधल्या जागेवरून: गिटार जुळवण्यास लागलेला वेळ, पुटपुटणे, टाळ्यांची लय, आरोळ्या. या गोष्टी दोन रात्री सारख्या घडत नाहीत. नवशिका संग्राहक गाणी ऐकतो. मुरलेला संग्राहक गाण्यांमधील मोकळी जागा ऐकतो. इतर रात्रींच्या फिती हाती लागून तुलना होऊ लागली आणि त्या रात्री प्रत्यक्ष सभागृहात बसलेल्या लोकांच्या आठवणी गोळा झाल्या, तेव्हा मँचेस्टरची बाजू पक्की झाली. त्या श्रोत्यांपैकी सी. पी. ली यांनी तर त्या मैफलीवर संपूर्ण पुस्तक लिहिले.

दुसरी कसोटी गतीची. फीत टिपणाऱ्या यंत्राची बॅटरी उतरली असेल तर ते यंत्र मंद चालते; तीच फीत नंतर योग्य गतीने वाजवली की गायन जलद व चढ्या स्वरात येते. सुमारे सहा टक्क्यांनी गती वाढली की पांढरी एकचे गाणे काळी एकवर जाते. येथे माउथ ऑर्गन उपयोगी पडतो. गिटारच्या तारा कमीजास्त ताणता येतात. माउथ ऑर्गनच्या पात्यांची पट्टी कारखान्यात ठरलेली असते आणि रंगमंचावर ती बदलता येत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कोठेतरी बोलत असेल, तर तबकडीची गती चुकली आहे असे खुशाल समजावे.

तिसरी कसोटी अंतर्गत विसंगतीची. माझ्या तबकडीवरचा आवाज इतका स्वच्छ होता की तो कोटात लपवलेल्या मायक्रोफोनचा असणे शक्यच नव्हते. ते कंपनीचेच व्यावसायिक मुद्रण होते. आता कंपनीने त्या दौऱ्यात लंडनचेही मुद्रण केले होते आणि मँचेस्टरचेही. म्हणजे पाकिटावरील नाव अगदी निराधार नव्हते, संभाव्य होते. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. धडधडीत खोटे लवकर पकडले जाते. संभाव्य चूक मात्र वर्षानुवर्षे टिकते.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या गीतांचा छापील पाठ एक, आणि रंगमंचावरचा दर रात्रीचा पाठ निराळा. माझ्या तबकडीवरील दोन गीते १९६४ सालच्या त्याच्या अधिकृत तबकड्यांवर एकट्याच्या गिटारवर गायलेली आहेत. दोनच वर्षांनी तीच विजेच्या कल्लोळात नवे रूप धारण करतात. हे रूपांतर समजून घ्यावयाचे तर मैफलींची मुद्रणेच पाहावी लागतात, आणि दीर्घकाळ ती चोरट्या बाजारातच उपलब्ध होती. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवून १५८४ साली पाठशुद्धी केली, हे आपण वर्गात शिकवतो. प्रती जमवणे म्हणजे मालकी मिरवणे नव्हे. तुलनेस सामग्री मिळवणे होय. एकच दुर्मीळ तबकडी कपाटात कुलपात ठेवणाऱ्यापेक्षा तीन फाटक्या प्रती शेजारी मांडून ऐकणारा संग्राहक मी श्रेष्ठ मानतो.

चोरी ती चोरीच

परंतु अभ्यासाच्या नावाखाली नीतीचा प्रश्न झाकून टाकणे बरे नव्हे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणास केंद्रीय कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले; त्यापूर्वी तेथील छापणारे या फटीचा लाभ घेत. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. कायदा काही असो, त्या गाड्यावर दादांनी दिलेल्या पैशांतला एक पैसाही गायकाकडे किंवा त्याच्या पाच साथीदारांकडे गेला नाही. शिवाय कलावंताला आपले कच्चे काम लोकांपुढे न आणण्याचा अधिकार असतो. तो अधिकार येथे डावलला गेला, आणि मी त्याचा लाभधारक होतो.

कलावंतांनी यातून आपापल्या परीने वाटा काढल्या. ‘ग्रेटफुल डेड’ या संचाने १९८४ मध्ये मैफलीत मुद्रण करणाऱ्यांना बसण्यासाठी वेगळी जागाच नेमून दिली. अट एकच की फिती आपसांत वाटाव्यात, विकू नयेत. डिलनच्या कंपनीने १९९१ पासून ‘बूटलेग मालिका’ या नावानेच जुनी मुद्रणे काढली. नील यंग याने २०२१ पासून आपल्या मैफलींच्या चोरट्या तबकड्या मूळच्या चोरट्या पाकिटांसह अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. चोराच्या घरातील माल घरधन्याने परत आणला, तोही चोराच्या पिशवीसकट!

या पार्श्वभूमीवर आपल्या भागाकडे पाहावे. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी येथून जवळ, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाडही दूर नाही. आपल्याकडे रसिकांच्या घरी मैफलींच्या खाजगी फिती असतात. त्यांच्या डब्यांवर बहुधा नुसता राग लिहिलेला असतो. कोणाच्या घरी, कोणत्या तारखेस, साथीस कोण, मुद्रण कोणी केले, ही फीत मूळ की नक्कल, याचा पत्ता नसतो. ज्यांच्या घरी अशी फीत असेल त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून एवढ्या पाच गोष्टी कागदावर लिहून डब्यात ठेवाव्यात. नक्की माहीत नसेल तेथे ‘नक्की नाही’ असे लिहावे. गायकाच्या वारसांची अनुमती घेतल्यावाचून ती कोणास विकू नये.

माझी चूक कळल्यावर मी त्या कन्नड प्राध्यापकांना पत्र घातले. ते निवृत्त होऊन गावी राहत होते. त्यांचे कार्ड आले. त्यात लिहिले होते: “मला कळवून काय उपयोग? ज्यांना सांगितलेत त्यांना कळवा.” हे काम माझ्याकडून राहूनच गेले. ते आता हयात नाहीत. १९८४ च्या त्या सभेस असलेल्यांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आपल्या टिपणात लंडन खोडून मँचेस्टर लिहावे, ही विनंती.

आणखी एक गंमत सांगून लेख संपवतो. १९९८ सालच्या त्या अधिकृत संचावर मँचेस्टरचे नाव मोठ्या अक्षरांत नाही. ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हेच चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवलेले आहे, कारण लोक त्या मैफलीला त्याच नावाने ओळखतात. पुढे २०१६ साली २६ मेची लंडनची मैफल प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या नावाला ‘खरी’ असे विशेषण जोडावे लागले. माझी जुनी तबकडी अजून माझ्याजवळ आहे. तिच्या पाकिटावरचा कागद मी काढलेला नाही. त्याच्याखाली पेन्सिलीने तारीख, गाव आणि सभागृह एवढेच लिहिले आहे.